क्योतोची लक्झरी ट्रिप: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि माझी जरा फटकळ उत्तरं

माझी नणंद ओसाकाला असते, त्यामुळे क्योतोला आत्तापर्यंत चार फेऱ्या झाल्यात, आणि दर वेळी परत आले की महिनाभर व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, कुणाची पंचविसावी ॲनिव्हर्सरी असते तर कुणाला आईवडलांना "एकदाच पण मस्तपैकी" न्यायचं असतं. दर वेळी वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितेय. स्वस्तात कसं फिरायचं हे इथे मिळणार नाही, त्यावर ढीगभर व्हिडिओ आहेत.

बजेट किती धरायचं?

येन साधारण ५५-६० पैशांचा धरा. मोठ्या नावाची हॉटेलं, म्हणजे अमान, रिट्झ-कार्ल्टन, फोर सीझन्स, पार्क हयात वगैरे, एका रूमचे रात्रीचे लाख येनच्या पुढेच घेतात आणि सीझनला दोन लाख सहज ओलांडतात. चांगल्या ऱ्योकानचा म्हणजे पारंपरिक जपानी सराईचा हिशेब वेगळा असतो, तिथे भाव माणशी असतो, रूमवर नाही, आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला असतो. हे लक्षात न घेता लोक आकडा बघून "अरे वा स्वस्त आहे" म्हणतात आणि मग दोघांचं बिल बघून गप्प होतात.

अजून एक, राहण्यावर शहराचा टॅक्स आहे आणि १ मार्च २०२६पासून तो चांगलाच वाढलाय. माणशी एका रात्रीचं भाडं ५०,००० येन ते एक लाखाच्या आत असेल तर ४,००० येन, आणि लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १०,००० येन, तेही माणशी, दर रात्री. आधी वरची मर्यादा १,००० येन होती. बऱ्याच ठिकाणी हा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, चेक-आउटला वेगळा भरावा लागतो. यावर रिसेप्शनला वाद घालू नका प्लीज, तो त्यांच्या खिशात जात नाही आणि आपल्यासारख्यांच्या गर्दीने शहराला जो ताप होतो त्याचाच तो हिशेब आहे.

हॉटेल की ऱ्योकान?

दोन्ही. पाच रात्री असतील तर तीन हॉटेलात आणि दोन ऱ्योकानमध्ये, आणि ऱ्योकान शेवटी ठेवा. सगळ्या रात्री ऱ्योकान घेतलं की तिसऱ्या संध्याकाळी दहा-बारा छोट्या छोट्या पदार्थांचं ते काइसेकी जेवण समोर आल्यावर पोट हात जोडतं, आणि सात वाजता जेवायला हजर राहायचं बंधन असतं ते वेगळंच. पहिल्या दोन दिवसांत जेटलॅग, फिरायची हावरट घाई हे सगळं हॉटेलात उरकून घ्यावं आणि मग शांत होऊन ऱ्योकानमध्ये जावं.

जुन्यांपैकी तावाराया तीनशे वर्षांहून जुनं, हिइरागिया १८१८चं. दोन्ही शहराच्या मधोमध एकमेकांच्या समोरासमोर, बाहेरून बघाल तर साधी लाकडी भिंत आणि एक दार, त्यात "लक्झरी" कुठे दिसत नाही. आत मात्र एका नाकाई-सानकडे, म्हणजे तुमची खोली सांभाळणाऱ्या बाईंकडे, तुमचं सगळं असतं. चहा त्याच आणतात, जेवण वाढतात, गाद्या घालतात. आणि अंघोळीहून परत येईपर्यंत खोलीतली जेवणाची बैठक जाऊन तिथे अंथरूण घातलेलं असतं, कधी आले कधी गेले कळत नाही.

वागायचं कसं, तर बूट दाराशीच काढायचे. आतल्या सपाता लाकडी व्हरांड्यापर्यंतच, तातामीच्या चटईवर सपातासुद्धा नाहीत, फक्त मोजे किंवा अनवाणी. टॉयलेटच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या तिथेच काढून यायचं, हे आपले सगळे एकदा तरी विसरतात, मीही विसरलेय. बॅगेची चाकं तातामीवरून ओढायची नाहीत. खोलीत एक जरा उंच कोनाडा असतो, त्यात एखादं चित्र लटकवलेलं आणि एक फूल, त्याला तोकोनोमा म्हणतात, तिथे फोन, चार्जर, पर्स काहीही ठेवायचं नाही, आपण देव्हाऱ्यात चार्जर ठेवू का? आणि युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालताना डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात.

आम्ही व्हेज आहोत. उपाशी मरू का?

नाही, पण आधी सांगितलं नाही तर हाल होतील. इथे थोडं लांबण लावते कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, एक प्रकारचं पाणीदार सार, जे बहुतेक वेळा कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि बोनिटो माशाचे वाळवलेले काप घालून करतात. म्हणजे भोपळ्याची भाजी मागवली तरी ती माशाच्या पाण्यात शिजलेली असते, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपातही तेच, टेम्पुराच्या चटणीतही तेच. त्यामुळे "नो मीट" सांगून भागत नाही, "नो फिश"नेही भागत नाही, "दाशीसुद्धा फक्त कोंबू आणि शिइताके मशरूमची हवी" असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. अंडं, दूध चालतं का, कांदा-लसूण चालतो का, स्वयंपाकातली साके किंवा मिरीन (दोन्ही तांदळाची दारूच) चालते का, हेही लिहा.

आमची फजिती सांगते. दुसऱ्या ट्रिपला बुकिंग एका एजंटकडून केलं होतं, त्याला तीनदा सांगितलं की सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, तो तीनदा "डन मॅडम" म्हणाला आणि त्याने ऱ्योकानला कळवलंच नाही. संध्याकाळी पहिला ट्रे आला, त्यात सुबक पानावर माशाचा तुकडा. सासूबाईंनी काही न बोलता ट्रे एक इंच पुढे सरकवला. नाकाई-सानच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला, त्या गुडघ्यांवर बसून माफी मागायला लागल्या, ज्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती, आणि मग किचनमधून तासाभरात टोफू, भाजलेली वांगी आणि भात आला. खाणं छानच होतं, पण त्या तासाभरात मला जी लाज वाटली ती अजून आठवते. आयत्या वेळी बदल सांगणं म्हणजे तिथे आचाऱ्याच्या दोन दिवसांच्या तयारीवर पाणी ओतणं असतं. तेव्हापासून एजंट असला तरी मी स्वतः एक मेल टाकते, जपानीत, आणि उलट उत्तर आल्याशिवाय पैसे भरत नाही.

आता चांगली बातमी, क्योतो हे व्हेज माणसासाठी जपानमधलं सगळ्यात सुखाचं शहर असावं. इथे शोजिन र्योरी म्हणून बौद्ध मठांचं जेवण मिळतं, त्यात मांस-मासे तर नाहीतच पण पारंपरिक पद्धतीत कांदा-लसूणही नाही, म्हणजे चातुर्मास पाळणारी आजीसुद्धा निवांत जेवेल. आराशियामाला तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु आहे, दाइतोकुजी मंदिरात इझुसेन आहे जिथे एकात एक बसणारे लाल वाडगे येतात आणि जेवून झालं की ते परत एकात एक ठेवायचे. नान्झेनजी मंदिराच्या आसपास युदोफू म्हणजे गरम पाण्यातला टोफू मिळतो (पण बुडवून खायच्या सॉसमध्ये दाशी असू शकते, विचारा). युबा म्हणजे सोयाच्या दुधावरची साय. हिवाळ्यात शोगोइन मुळा आणि उन्हाळ्यात कामोची गोल गरगरीत वांगी, ती मधे चिरून वर गोड मिसो लावून भाजतात, भरल्या वांग्यावर जीव असणाऱ्या माणसाने ती खावीच.

मेतकूट, लोणचं, खाकरे न्या, पण हॉटेलच्या रूममध्ये खा. काइसेकीच्या टेबलावर डबा उघडू नका.

कधी जावं?

चेरी ब्लॉसमसाठी मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात, लाल पानांसाठी नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरची सुरुवात. सगळ्या जगाला हे माहीत आहे, त्यामुळे तेव्हा गर्दी आणि भाव दोन्ही डोक्यावर. मला विचाराल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी. थंडी कडक असते पण किंकाकुजीच्या सोनेरी मंदिरावर बर्फ पडला तर नशीब फळफळलं समजा, आणि ज्या ऱ्योकानमध्ये नोव्हेंबरात उभं करत नाहीत तिथे जागा मिळते. जूनमध्ये पाऊस असतो, आपल्याला पावसाचं काय, आणि शेवाळाच्या बागा तेव्हाच खऱ्या हिरव्या असतात.

जुलै-ऑगस्ट म्हणजे चिकचिक, एप्रिल-मेच्या मुंबईला लाजवेल अशी. पण जुलैत गिओन मात्सुरी असतो. इ.स. ८६९मध्ये साथीचा रोग आला तेव्हा देवाला साकडं घालण्यातून हा उत्सव सुरू झाला. १७ आणि २४ जुलैला मोठाले लाकडी रथ निघतात, त्यांची चाकं सरळच जातात, वळत नाहीत, म्हणून चौकात चाकाखाली बांबूच्या पट्ट्या टाकून, त्यावर पाणी मारून अख्खा रथ दोर लावून काटकोनात ओढून फिरवतात. आणि त्या रथांवर जे जुने गालिचे लावलेले असतात ना, त्यात काही भारतातले आहेत, त्यातले काही तर दख्खनचे मानले जातात. आपल्याकडच्या मागावरचं काहीतरी तिथे शेकडो वर्षं जपून ठेवलंय आणि वर्षातून एकदा मिरवतात, हे कळल्यावर मी उन्हाबद्दल तक्रार करणं बंद केलं.

गेइशांसोबत डिनर करता येईल का? पैशाचा प्रश्न नाही.

"पैशाचा प्रश्न नाही" हे वाक्य क्योतोत फारसं चालत नाही, आधी हे समजून घ्या.

पहिली गोष्ट, इथे गेइको म्हणतात, आणि शिकाऊ मुलीला माइको. शहरात पाच वस्त्या आहेत त्यांच्या: गिओन कोबू, गिओन हिगाशी, मियागावाचो, पोंतोचो आणि कामिशिचिकेन. त्या कला विकतात, नाच, शामिसेन नावाचं तंतुवाद्य, गाणं, गप्पा, पाहुण्याला सांभाळून घ्यायची कला. बाकी जे काही तुमच्या डोक्यात सिनेमाने भरवलंय ते बाहेर ठेवून या.

मैफल होते ओचायात, म्हणजे तिथल्या पारंपरिक चहाघरात, आणि ओचायाचा जुना नियम आहे की ओळखीशिवाय नवीन गिऱ्हाईक घ्यायचं नाही. लोकांना हा माज वाटतो. पण त्यामागचा हिशेब बघा, आपल्याकडे वाण्याची वही असायची तसाच आहे. मैफलीच्या वेळी पैशाचा विषयच निघत नाही. जेवण बाहेरच्या आचाऱ्याकडून, गाडी, भेटवस्तू, गेइकोंचा मेहनताना, सगळं ओचायाची मालकीण आधी आपल्या खिशातून भरते आणि बिल नंतर पाठवते. मग ती अनोळखी माणसाला कशी उधारी देईल? ज्याने तुमची ओळख करून दिली तो तुमचा जामीन, तुम्ही बुडवलंत किंवा वेडंवाकडं वागलात तर त्याचं तोंड काळं. पूर्वी वेळ तर उदबत्तीवर मोजायचे, किती काड्या जळल्या त्यावर पैसे, आणि त्या रकमेला उदबत्तीचे पैसे असंच नाव होतं.

तर मार्ग दोन. मोठ्या हॉटेलचा कॉन्सिएर्ज किंवा जुनं ऱ्योकान तुमच्या वतीने शब्द टाकू शकतं, महिना-दोन महिने आधी सांगा आणि नाही म्हणाले तर परत विचारू नका. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, एप्रिलमध्ये गिओन कोबूचं मियाको ओदोरी हे नाचाचं सादरीकरण बघा, १८७२पासून चालत आलंय, तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं, आणि महागड्या तिकिटात आधी चहा मिळतो. उन्हाळ्यात कामिशिचिकेनला बीअर गार्डन असतं तिथे माइको येऊन टेबलाशी दोन मिनिटं बसतात, अगदी घरगुती वातावरण.

रस्त्यात माइको दिसली तर फोटो काढू का?

नाही. ती कामावर चाललीय, तिला वेळेत पोचायचंय, आणि ती कदाचित सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे. तिचा रस्ता अडवणं, मागे पळणं, किमोनोला हात लावणं हे प्रकार इतके झाले की २०२४मध्ये गिओनच्या खासगी गल्ल्या टुरिस्टना बंदच केल्या, बोर्डावर १०,००० येन दंड लिहिलाय. हानामिकोजी हा मोठा रस्ता खुला आहे, बाजूच्या बोळात शिरू नका. दिवसा ज्या "माइको" हसून पोझ देताना दिसतात त्या बहुतेक वेळा भाड्याचा पोशाख घातलेल्या टुरिस्ट असतात, तुमच्यासारख्याच.

देवळं किती बघायची?

दिवसाला दोन. लोक सहा बघतात आणि परत आल्यावर फोटोत कुठलं कुठलं तेच ओळखता येत नाही. क्योतो ७९४पासून हजारेक वर्षं राजधानी होती, १९९४ला इथली आणि शेजारच्या उजी-ओत्सूची मिळून १७ ठिकाणं युनेस्कोच्या यादीत आली, ते सगळं पाच दिवसांत संपणार नाहीये, सोडून द्या.

लक्झरी इथे लवकर उठण्यात आहे. कियोमिझु सकाळी ६ला उघडतं, फुशिमी इनारी चोवीस तास उघडंच असतं आणि फुकट आहे. तिथे पहाटे साडेपाचला गेलात तर त्या हजारो लाल कमानींखाली तुम्ही आणि एखादे स्थानिक आजोबा, बास. दहा वाजता तीच जागा म्हणजे दादर स्टेशन.

काही ठिकाणी आधी परवानगी लागते आणि तीच मला सगळ्यात आवडतात. साइहोजी, ज्याला शेवाळाचं मंदिर म्हणतात, तिथे रिझर्व्हेशनशिवाय प्रवेश नाही, फी ४,००० येनपासून पुढे, आणि बागेत जायच्या आधी आत बसून ब्रशने सूत्र लिहायचं असतं. मला आधी वाटलं काय हे नाटक. पण वीस मिनिटं ती अक्षरं गिरवून झाल्यावर बाहेर आले तेव्हा कुणीच बोलत नव्हतं, फोनही हळूच निघत होते. कात्सुरा राजवाड्यासाठी राजघराण्याच्या खात्याकडे आधी अर्ज करावा लागतो, फी १,००० येन, गाइडच्या मागे रांगेत चालायचं आणि वाट सोडायची नाही. लहान मुलांना दोन्हीकडे वयाची अट आहे, बुक करताना बघून घ्या. कितीही महागडा सूट घेतलात तरी इथे रांग तीच, आणि ते मला फार बरं वाटतं.

र्योआनजीच्या दगडी बागेत १५ दगड आहेत, कुठेही बसा एकाच वेळी १४च दिसतात. मोजायला जाऊ नका. (सगळे मोजतात.)

आपले देव तिथे आहेत हे खरंय का?

खरंय. सांजूसांगेन्दोला जा. सव्वाशे मीटरच्या आसपास लांब लाकडी सभामंडप, त्यात कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १००१ मूर्ती, मधे एक मोठी बसलेली आणि बाकी हजार रांगेत उभ्या, आणि समोर २८ रक्षक देवता. त्यात इंद्र आहे, ब्रह्मा आहे, लक्ष्मी आहे, कुबेर आहे, नारायण आहे, सगळ्यांची नावं बदललेली पण पाटी वाचली की ट्यूब पेटते. आणि गरुड, चोच असलेला, पंख असलेला, चक्क बासरी वाजवतोय. सासूबाई त्याच्यासमोर दहा मिनिटं उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "विष्णूला सोडून इकडे येऊन बसलाय होय." आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा डोळ्यांनीच बघा. गिओन हे नावसुद्धा बुद्धाच्या जेतवनाच्या जपानी नावावरून आलंय.

टी सेरेमनीला काय घालायचं, काय काढायचं?

स्वच्छ मोजे घाला, शक्यतो पांढरे. परफ्यूम लावू नका, चहाचा आणि उदाचा वास मरतो. घड्याळ, अंगठ्या काढायच्या, कारण वाडगा कधी कधी दोनशे वर्षांचा असतो आणि त्यावर ओरखडा उठला तर तो भरून देता येत नाही. इथे आमच्याकडे पेच झाला. आईच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, ती त्या काढणार नाही हे मला माहीत होतं आणि मी काही बोलायलाही गेले नाही. आईनेच पर्समधून रुमाल काढला, बांगड्या वर सारून त्यावर घट्ट गुंडाळला आणि गाठ मारली. चहा करणाऱ्या बाईंनी ते पाहिलं, हात थांबवला आणि आईकडे बघून अगदी खाली वाकल्या. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती.

पद्धत सोपी आहे, गोड पदार्थ आधी संपवायचा, मग वाडगा डाव्या तळहातावर घेऊन थोडा फिरवायचा म्हणजे त्याची देखणी बाजू ओठाला लागत नाही, आणि प्यायचं. शेवटचा घोट आवाज करून ओढला तरी चालतं, घरी ओरडा खाल्ला असेल त्यांना आनंद होईल.

गरम पाण्याच्या सार्वजनिक हौदात उघड्याने उतरायचं??

हो. आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ, मग हौद. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस बांधायचे. बायका-पुरुष वेगळे. लाज वाटत असेल तर खोलीतच लाकडी टब असलेली रूम घ्या, जास्त पैसे पडतात पण मिळते.

तिथे जायचं-फिरायचं कसं?

क्योतोला स्वतःचा विमानतळ नाही. ओसाकाच्या कान्साई एअरपोर्टला उतरा, तिथून हारुका ट्रेन सव्वा तासाच्या आसपास. टोकियोहून येत असाल तर नोझोमी शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन सव्वादोन तास, ग्रीन कार म्हणजे फर्स्ट क्लास घ्या, आणि येताना उजव्या हाताची खिडकी मागा म्हणजे हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. फक्त टोकियो-क्योतो जाणं-येणं असेल तर सात दिवसांचा रेल पास परवडत नाही, २०२३मध्येच तो ५०,००० येन झाला, उगाच घेऊ नका.

मोठ्या बॅगा ताक्क्यूबिनने, म्हणजे तिथल्या कुरिअरने, पुढे पाठवा. हॉटेलच्या काउंटरवर द्यायच्या, बहुतेक दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात हजर. ही खरी लक्झरी आणि किंमत आपल्या एका टॅक्सीएवढी. सिटी बसमध्ये बॅगा घेऊन चढू नका, त्या बसने तिथल्या आज्या दवाखान्यात जातात आणि टुरिस्टच्या बॅगांमुळे त्यांना उभं राहायला जागा उरत नाही, ही तिथली खरीखुरी तक्रार आहे. सबवे वापरा नाहीतर दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट ठरवा. टॅक्सीचं दार आपोआप उघडतं, ओढू नका.

टिप किती द्यायची?

द्यायची नाही. टेबलावर ठेवलीत तर मागे पळत येऊन परत देतील. कुणी तुमच्यासाठी खूपच केलं असेल, म्हणजे दोन-तीन दिवस सोबत असलेला गाइड वगैरे, तर इथूनच छोटंसं काहीतरी न्या, नीट गुंडाळलेलं, दोन्ही हातांनी द्या. मी बाकरवडी नेते. समोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, आपल्याकडेही आहेराचं पाकीट समोर कुठे उघडतो आपण.

बुकिंग कॅन्सल केलं तर?

चांगल्या ठिकाणी शेवटच्या दिवसांत पूर्ण पैसे जातात आणि ते बरोबर आहे. आठ खुर्च्यांचं रेस्टॉरंट असतं, तुमच्या चौघांसाठी सकाळी भाजी निवडलेली असते. "बघू, दोन ठिकाणी बुक करून ठेवू, एक सोडून देऊ" हे करू नका, यामुळे पुढच्या भारतीय माणसाला तिथे टेबल मिळत नाही. वेळेवर म्हणजे पाच मिनिटं आधी.

शॉपिंग?

निशिकी मार्केटला जा पण चालता चालता खाऊ नका, दुकानाशीच उभं राहून संपवा. चहाच्या डब्यांसाठी काइकादो, १८७५पासून हाताने पत्र्याचे, पितळेचे, तांब्याचे डबे करतात. झाकण वर नुसतं ठेवायचं आणि हात काढायचा, ते स्वतःच्या वजनाने हळूहळू, हवा सोडत खाली जाऊन बसतं. मी दुकानात हे सहा वेळा करून बघितलं, दुकानातला मुलगा हसत होता.

आणि साड्यांचं वेड असेल तर निशिजिन, क्योतोतली विणकरांची वस्ती. तिथे त्सुझुरे म्हणून एक विणकाम आहे, त्यात विणकर आपल्या बोटांच्या नखांना करवतीसारखे दाते पाडून घेतात आणि त्या नखांनी एकेक रंगीत धागा खाली ओढून बसवतात. बाणा म्हणजे आडवा धागा नक्षीपुरताच फिरतो, आरपार जात नाही, आपल्या पैठणीच्या पदराचं तंत्र याच घराण्यातलं. मी विणकर काकांना फोनवर येवल्याच्या मागाचा फोटो दाखवला, त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, फोटो मोठा करून मोर बघितला आणि मग मला स्वतःची नखं दाखवली. घासाघीस करू नका, कुठेच.

क्योतोचे लोक तिरकस असतात असं ऐकलंय.

पुण्याच्या माणसाने हा प्रश्न विचारावा? तिथला जुना विनोद आहे, यजमान "बुबुझुके घेणार का?" म्हणजे चहा घातलेला भात खाणार का असं विचारतात तेव्हा त्याचा अर्थ "आता निघा" असा असतो. आपल्याकडचं "चहा घेऊनच आला असाल ना" आठवा. तोंडावर "नाही" फार कमी वेळा येतं. "जरा अवघड आहे" म्हणाले, दातांतून श्वास ओढला, किंवा "बघतो" म्हणून परत फोन आला नाही, की तो नकारच समजायचा आणि हसून विषय बदलायचा. आपले काही लोक तिथे "अहो मॅनेजरला बोलवा" सुरू करतात, त्याने आजवर तिथे एकही दार उघडलेलं मी पाहिलं नाही.

काट्या-चमच्यांचं काय?

मागितला तर चमचा देतात. चॉपस्टिक भातात उभ्या खुपसू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका, पहिलं मृताला वाढलेल्या भातात करतात आणि दुसरं दहनानंतर अस्थी वेचताना. म्हणजे आपल्याकडे वाढदिवसाला पिंडाला कावळा बोलावल्यासारखं होईल.

बांबूच्या बनात नाव कोरलं तर कुणाला कळणार?

हा प्रश्न मला खरंच कुणीतरी हसत हसत विचारला होता. आराशियामाच्या बांबूंवर लोकांनी नावं कोरलीत, आणि एकदा कोरलेलं बांबूवर भरत नाही. गडावरच्या दगडांवर बदाम बघून ज्यांचं रक्त खवळतं त्यांना वेगळं सांगायला नको. कचराही खिशात ठेवा, रस्त्यावर डबे जवळजवळ नसतातच, एक पिशवी कायम जवळ हवी.

म्हातारे आईवडील सोबत आहेत, गुडघे दुखतात.

ऱ्योकानला आधीच कळवा, जमिनीवरच्या गादीऐवजी पलंग आणि बैठ्या टेबलाऐवजी खुर्ची-टेबल असलेली खोली बऱ्याच ठिकाणी असते. फुशिमी इनारीला अख्खा डोंगर चढायची गरज नाही, खालच्या कमानी पुरतात. कियोमिझूचा चढ टॅक्सीने जमेल तेवढा कापा. निजो किल्ला सपाट आहे, तिथे लाकडी जमीन पाऊल टाकलं की पाखरासारखी चिवचिवते, म्हाताऱ्यांना आणि पोरांना दोघांनाही जाम आवडते.

जायच्या आधी काही प्रॅक्टिस करायची का?

करा की. तिथल्या चहाला बसायची पद्धत म्हणजे आपलं वज्रासन, रोज पाच पाच मिनिटं वाढवत पंधरावर न्या, नाहीतर टी सेरेमनीनंतर उठताना शेजारच्याच्या खांद्यावर पडाल. पुण्यात असाल तर सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे उद्यान नावाची बाग आहे ना, ती ओकायामाच्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेवरून केलीय, तिथे एकदा सकाळी फोन घरी ठेवून चक्कर मारा, जपानी बाग बघायला किती हळू चालावं लागतं त्याचा अंदाज येईल. नाडीचे बूट नेऊ नका, दिवसातून दहादा काढा-घाला होते. आणि मोजे सगळे उलटे करून अंगठ्याशी तपासून घ्या, भोक असलेला एक तरी निघतोच.